शेवाळाच्या उरलेल्या पाण्याचा हिशेब

रिॲक्टरचं झाकण उघडलं की आधी वास येतो. जळालेले केस, सुकट आणि गोठ्यातलं मूत्र एकत्र आल्यासारखा. हातमोजे घातले तरी मनगटाला चिकटतोच. कामाला लागून आठवडा झाला होता. रात्री जेवायला बसले तर पोळी वाढता वाढता आईने विचारलं, “काय वं, तुह्या हाताले कशाचा वास येऊन राह्यला?”

“शेवाळ शिजवलं आज.”

“मंग तेल निंघालं का?”

“निघालं.”

“हा वास तेलाचा होय?”

“नाही गं, तेल काढल्यावर पाणी उरतं ना, त्याचा.”

पुढची अडीच वर्षं मी त्या उरलेल्या पाण्यावरच काढली. अजून काढते आहे.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी नागपुरातल्याच एका संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागले. प्रकल्प शेवाळापासून कच्चं तेल करण्याचा. या पद्धतीला हायड्रोथर्मल लिक्विफॅक्शन म्हणतात, आमच्या तोंडी नुसतं एचटीएल. शेवाळ वाळवत बसायचं नाही, ते पातळ पिठल्यासारखं ओलंच बंद भांड्यात घालायचं आणि ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. वाफेला बाहेर जायला वाट नसते, त्यामुळे आतला दाब ९० बारच्या वर चढतो. अर्ध्या तासात शेवाळातली प्रथिनं, पिष्ट, मेद सगळं तुटतं. थंड झाल्यावर थोडा वायू सुटतो, तळाशी काळा गाळ बसलेला असतो, भिंतीला डांबरासारखं तेल चिकटलेलं असतं. आणि बाकी सगळं पाणी.

शेवाळ आम्ही गच्चीवरच वाढवायचो. स्पिरुलिना, म्हणजे काटेकोर बोलायचं तर सायनोबॅक्टेरिया, पण सगळे शेवाळच म्हणतात. तिला खायच्या सोड्याचं पाणी आवडतं, ९-१० च्या आसपासचा पीएच आवडतो, आणि ऊन तर नागपुरात मागाल तेवढं. एप्रिल उजाडला की टाकीवर हिरवी नेट बांधायची आणि रोज सकाळी उडून गेलेलं पाणी मोजून भरायचं. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखं नाही. ती वाढत गेली आणि आम्ही फडक्यातून गाळून घेत गेलो.

उरलेलं पाणी गाळून काचेच्या बाटलीत ठेवलं की कोऱ्या चहासारखं दिसतं. पहिल्यांदा त्याचा सीओडी काढायला बसले तेव्हा मी दहापट पातळ करून घेतलं होतं. सीओडी म्हणजे त्या पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. नळीत नारिंगी डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल घालून १५० अंशांवर दोन तास ठेवतात. पाच मिनिटांनी पाहिलं तर सगळ्या नळ्या हिरव्यागार. डायक्रोमेट संपलं होतं, घाण शिल्लक होती. शेवटी शंभरपट पातळ केल्यावर आकडा हाती आला: लिटरला ६२,००० मिलिग्रॅम. घरगुती सांडपाण्याचा सीओडी काही शे असतो. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्याकडे २५० ची मर्यादा आहे.

बाटल्या साचत गेल्या. एकदा कॅन भरला, तेव्हा कुठे ठेवायचा म्हणून मी बेसिनकडे पाहिलं, तर लॅबमधले काका मागूनच बोलले, “म्याडम, हे नालीत नोका सोडू जी. खाली नाग नदी हाय.” काकांचं गाव गोसेखुर्दकडचं. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि गोसेखुर्दचं धरण वैनगंगेवर. नागपुरात बेसिनमध्ये जे ओतू ते त्यांच्या गावाच्या दिशेने निघतं, हे त्यांना नकाशा न बघता माहीत होतं. कॅनवर मी लाल मार्करने “टाकू नये” लिहिलं. तो कॅन अजून आहे.

हे पाणी साध्या जैविक प्रक्रियेने साफ होत नाही असं नाही, पण जिवाणूंना ते फार जड जातं. स्पिरुलिनाच्या वजनात निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात. ती फुटली की नायट्रोजन पाण्यात उतरतो, थोडा अमोनिया म्हणून आणि थोडा पिरिडिन, पायराझिनसारख्या वलयी संयुगांत. सोबतीला फिनॉल. जिवाणूंना हे विषच. मग आमच्या मॅडमनी विचारलं, की जे पाण्यात आहे ते कार्बन आणि हायड्रोजनच आहे ना? आपण मोजलं तर शेवाळातल्या कार्बनचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यात जातो. तेलवाले आपण, आणि तिसरा हिस्सा कॅनमध्ये भरून ठेवतो. त्याचा वायू करून पाहू.

शेवाळ आणि हायड्रोजन म्हटलं की बरेच जण मला वेगळीच गोष्ट सांगतात, की शेवाळ स्वतःच हायड्रोजन सोडतं. ते खरं आहे. हान्स गॅफ्रॉन यांनी १९४० च्या आसपास हिरव्या शेवाळात ते पाहिलं होतं. पण ती जिवंत पेशीची गोष्ट. आमच्याकडचं शेवाळ शिजून गेलेलं असतं. आमची वाट मायकेल मोडेल यांच्या कामातून येते. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये त्यांनी दाखवलं की पाणी त्याच्या क्रांतिबिंदूच्या वर नेलं की त्यात साखरेसारख्या पदार्थाचा कोळसा न होता वायू होतो. पुढे अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत डग्लस इलियट यांच्या गटाने २०१३ मध्ये शेवाळाचं एचटीएल अखंड प्रवाहात चालवून दाखवलं आणि उरलेल्या पाण्याचाही वायू केला. त्यांचं तापमान ३५० अंशांच्या आसपास आणि उत्प्रेरक रुथेनियम, म्हणून त्यांना मुख्यतः मिथेन मिळाला. आम्हाला हायड्रोजन हवा होता. का हवा होता ते पुढे येईलच.

पाणी ३७४ अंश आणि २२१ बारच्या वर गेलं की त्याला द्रवही म्हणता येत नाही आणि वाफही. त्याला सुपरक्रिटिकल पाणी म्हणतात. आपल्या ओळखीचं पाणी मीठ विरघळवतं आणि तेलाला जवळ येऊ देत नाही. इथे सगळं उलटं. सेंद्रिय रेणू त्यात सहज मिसळतात, मीठ बाहेर पडून भिंतीवर बसतं. आणि पाणी स्वतः अभिक्रियेत उतरतं. ॲसिटिक आम्लाचा एक रेणू घ्या, पाण्याचे दोन. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे दोन आणि हायड्रोजनचे चार रेणू होतात. त्या चारांतले दोन पाण्याचे असतात. हे मी वहीत पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. मला वाटत होतं की आपण घाणीतला हायड्रोजन काढतोय, आणि निम्मा तर पाणीच देत होतं.

अडचण मिथेनची. तापमान कमी असेल तर तयार झालेला हायड्रोजन कार्बनला परत चिकटून मिथेन होतो, आणि निकेल त्याला मदतच करतं. तापमान ६०० अंशांपर्यंत नेलं आणि पाणी भरपूर असलं तर हायड्रोजन सुटा राहण्याकडे कल असतो. आमचं पाणी मुळातच पातळ, त्यामुळे ही अट आयती पूर्ण होत होती. म्हणून ६०० ठरलं. उत्प्रेरक ॲल्युमिनावर बसवलेलं निकेल.

रिॲक्टर इन्कोनेल ६२५ या निकेलच्या मिश्रधातूचा, आतली जागा ७५ मिली. नव्या माणसाला पहिला धक्का इथे बसतो: ७५ मिलीच्या भांड्यात पाणी घालायचं फक्त ५.३ मिली. ६०० अंश आणि २५० बारला एक ग्रॅम पाणी साधारण १४ मिली जागा घेतं. दाबाला वेगळा पंप नाही, पाणी जितकं घालाल तितका दाब होतो. त्यामुळे पिपेटवरचा आकडा हाच आमचा दाबाचा नॉब.

तो आकडा माझ्या हातून एकदा चुकला. अकरावा रन. उत्प्रेरक ओला करायला वेगळं पाणी घातलं होतं आणि नमुना वेगळा, मिळून १० मिली आत गेलं. मी बेरीज केली नव्हती. ४०० अंशांनंतर दाबाचा काटा नेहमीपेक्षा भराभर चढू लागला. मी भट्टी बंद केली, पण तापलेलं लोखंड बटण दाबल्याने थंड होत नाही. ४७० च्या आसपास ३०० बारची रप्चर डिस्क, म्हणजे दाब वाढला की मुद्दाम फुटणारी चकती, फुटली. सुतळी बॉम्बसारखा एकच आवाज, आणि खिडकीबाहेर काढलेल्या नळीतून पांढरा लोट. भांडं शाबूत होतं, कारण डिस्क त्याचसाठी असते. मॅडम वरून धावत आल्या, सगळे ठीक आहेत ना पाहिलं, मग माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाल्या, “१० मिलीला ६०० वर दाब किती झाला असता, काढ.” मी वाफेच्या तक्त्यातून काढला. चारशे बारच्या वर. तो कागद मी रिॲक्टरच्या स्टँडवर चिकटवला आहे. आता कोणीही रन लावताना आत गेलेल्या प्रत्येक थेंबाची बेरीज त्या कागदाशेजारच्या फळ्यावर लिहितो, आणि दुसरा माणूस ती वाचतो. हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पेट घेऊ शकतो. देशभरातल्या दाबपात्रांवर आणि ज्वालाग्राही वायूंवर नजर ठेवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय आमच्याच नागपुरात आहे. त्यांच्या शहरात राहून निष्काळजीपणा करणं मला दुहेरी चूक वाटते.

वायू मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ. आधी तो हेलियमवर चालायचा आणि आलेखावर हायड्रोजनचं टोक इतकं बुटकं आणि वेडंवाकडं यायचं की मला वाटलं हायड्रोजन होतच नाहीये. कारण साधं होतं. डिटेक्टर उष्णतावहनातला फरक मोजतो, आणि हेलियम व हायड्रोजन दोघंही उष्णता जवळपास सारखीच वाहून नेतात. आर्गॉनचं सिलिंडर लावलं आणि पहिल्याच मिनिटांत हायड्रोजनचं टोक सरळ उभं राहिलं. दोन आठवडे मी उगाच उत्प्रेरकाला दोष देत बसले होते.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. तेल आणि पाणी वेगळं करायला आम्ही डीसीएम, म्हणजे डायक्लोरोमिथेन, वापरत होतो. सगळेच वापरतात, तेल त्यात छान विरघळतं. त्याचा उत्कलनबिंदू ४० अंशांच्या अलीकडेच आहे. नागपुरात मे महिन्यात दुपारी वीज गेली, कूलर थांबला, की अर्ध्या तासात लॅबचं तापमान त्याच्या पुढे जातं. एका दुपारी फ्यूम हूडमध्ये बाटलीचं बूच जरा सैल केलं तर आतून सोडावॉटरसारखा फुस्स आवाज आला आणि द्रव उकळताना दिसला. बर्नर नाही, हीटर नाही, फक्त आमची हवा. तेव्हापासून डीसीएमचं काम सकाळी ८ च्या आत.

पण त्याचा खरा त्रास वेगळाच निघाला. चौदाव्या ते एकोणिसाव्या रनपर्यंत हायड्रोजन दर वेळी थोडा थोडा कमी होत गेला. रनच्या शेवटी भांड्यातून निघणारं पाणी, जे खरं तर रंगहीन असायला हवं, त्याला हिरवट झाक येऊ लागली. बाटली खिडकीशी धरली की ती झाक दिसायची, टेबलावर ठेवली की दिसायची नाही. मी ती दोन दिवस टेबलावरच ठेवली होती. तिसऱ्या दिवशी काकांनी बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, “हे हिरवं काहून जी? शेवाळ तं शिजून गेलं ना?”

बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यांनी एक परीक्षा केलेली असते. थोडा अमोनिया आणि डायमिथिलग्लायॉक्झिमचे दोन-चार थेंब. मी परीक्षानळीत तेच केलं. नळी हलवायच्या आतच गुलाबी-लाल साका धरला, गुलाबाच्या पाकळ्या कुस्करून टाकल्यासारखा. निकेल. उत्प्रेरक आणि भांड्याची भिंत, दोन्ही विरघळत होती.

का, ते शोधायला आणखी तीन दिवस गेले. डीसीएम पाण्यात मिसळत नाही असं आपण म्हणतो, पण ते लिटरमागे दहा ग्रॅमहून जास्त विरघळतं. म्हणजे तेल वेगळं केल्यावर माझ्या कोऱ्या चहात भरपूर क्लोरीन जात होतं. सुपरक्रिटिकल पाण्यात डीसीएम तुटून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. मी सहा रन स्वतःच्या हाताने भांड्याला आम्ल पाजत होते. त्या सहा रनचे आकडे आम्ही फुली मारून वहीत तसेच ठेवले आहेत. त्यानंतर डीसीएम बंद. आता पाणी रात्रभर थंडीत ठेवतो, तेल आपोआप वर आणि कडेला गोळा होतं, ते काढून घेतो आणि बाकीचं बारीक फिल्टरमधून गाळतो. तेल थोडं कमी हाती येतं. मला ते चालतं. कारखान्याच्या मापात कोणी टनावारी डीसीएम वापरणारही नाही. प्रयोगशाळेतली सोयीची पद्धत आपण नकळत प्रक्रियेचाच भाग समजतो, आणि हे मला कोणत्याही शोधनिबंधाने इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

नवीन उत्प्रेरक, नवीन पाणी. बावीसावा रन. थंड झाल्यावर वायू पिशवीत घेतला: साडेतीनशे मिलीच्या थोडा वर, त्यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन, मग कार्बन डायऑक्साइड, मग मिथेन, कार्बन मोनॉक्साइड नाममात्र. पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. सीओडी ६२,००० वरून १,९०० वर. लॅबमध्ये सगळे आनंदले. मॅडमनी मात्र विचारलं, “कार्बन जुळला का?”

कार्बन जुळणं म्हणजे जेवढा आत गेला तेवढा बाहेर दाखवता येणं. वायूतला कार्बन अधिक पाण्यात उरलेला सेंद्रिय कार्बन, भागिले आत घातलेला. माझी बेरीज ७४ टक्के येत होती. शंभरातले २६ कुठे गेले? मी सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. पिशवी बदलली. उत्प्रेरक वाळवून, जाळून त्यावर काजळी बसली आहे का पाहिलं, जेमतेम एक टक्का. पुन्हा रन, पुन्हा ७३. पुन्हा, ७५. गळती असती तर आकडा दर वेळी वेगळा आला असता. तो हट्टाने तिथेच थांबत होता, म्हणजे कार्बन कुठल्यातरी एकाच जागी जात होता.

उत्तर एका संध्याकाळी भांडी विसळताना सापडलं. साफ झालेल्या पाण्याचा थोडा उरलेला भाग मी आम्लाच्या कचऱ्याच्या बाटलीत ओतला आणि ते फसफसलं. ईनो टाकल्यासारखं. मी तशीच उभी राहिले. त्या पाण्यात सगळा नायट्रोजन आता अमोनिया होऊन बसला होता, आणि अमोनियाने कार्बन डायऑक्साइड धरून ठेवला होता, अमोनियम बायकार्बोनेट म्हणून. माझं यंत्र फक्त सेंद्रिय कार्बन मोजायचं, आणि मोजण्याआधी नमुन्यात आम्ल घालून हाच वायू उडवून लावायचं. मी शोधत असलेली गोष्ट यंत्र रोज माझ्यासमोर बाहेर फेकत होतं. दुसऱ्या दिवशी तो वेगळा मोजला. बेरीज ९७ टक्के.

याचा फायदा नुसता हिशेबापुरता नाही. आमचं पाणी स्वतःच थोडा कार्बन डायऑक्साइड गिळतं, म्हणून वर येणाऱ्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण चढं राहतं. आणि ज्या पाण्यात अमोनिया आणि बायकार्बोनेट दोन्ही आहेत, ते पाणी म्हणजे स्पिरुलिनाचं जेवणच.

हे सगळं काकांना दाखवायचं होतं. क्रोमॅटोग्राफच्या कागदावरची टोकं दाखवून ते झालं नसतं. म्हणून एकदा, सगळी काळजी घेऊन, मोकळ्या गच्चीवर पिशवीतला थोडा वायू नळीने साबणाच्या पाण्यात सोडला. लिंबाएवढे तीन बुडबुडे झाले. हायड्रोजनमुळे मिश्रण हवेपेक्षा हलकं, ते सुटले आणि डोक्याच्या वर चढू लागले. मी लांब दांड्याच्या मेणबत्तीने एकाला टेकवलं. ठप्प. क्षणभर फिकट निळसर ज्योत, मग काही नाही. काका काही बोलले नाहीत, उरलेले दोन बुडबुडे नेटच्या वर जाईपर्यंत पाहत राहिले. मग म्हणाले, “त्या कॅनातलंच ना हे?”

त्याच कॅनातलं.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर मला प्रत्येक जण मागतो, तो. यातून ऊर्जा मिळते का? जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठरलं, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. नातेवाईकही विचारतात, “मग गाडी चालते का तुझ्या पाण्यावर?” मी त्यांना हिशेब सांगते. एक लिटर पाणी २५० बारला ६०० अंशांपर्यंत न्यायला साधारण ३.४ मेगाज्यूल उष्णता लागते. आमच्या एक लिटर पाण्यात जी सेंद्रिय घाण आहे ती पूर्ण जाळली तर ०.९ मेगाज्यूलच्या आसपास मिळेल. चौथा हिस्सा. म्हणजे पाणी तापवून तशीच उष्णता सोडून दिली तर हा धंदा तोट्याचाच, त्यात वाद नाही. बाहेर जाणाऱ्या गरम पाण्याने आत येणारं थंड पाणी तापवावं लागेल, आणि ते इतकं चोख, की दहातले नऊ हिस्से उष्णता परत यावी. तेव्हा कुठे थोडा वायू हाती उरतो. बॅचच्या भांड्यात हे करताच येत नाही, त्यासाठी अखंड प्रवाहाचा नळीचा रिॲक्टर लागतो, आणि तिथे मिठाने नळी तुंबायचा वेगळा प्रश्न आहे.

मग एवढं कशासाठी? माझं उत्तर आता पक्कं झालंय. हे पाणी कसंही करून साफ करावंच लागणार आहे. शेवाळाचं तेल काढायचं म्हटलं तर तेलाहून कितीतरी जास्त पाणी निघतं, आणि ते नागमध्ये सोडता येत नाही. साफ करायला वीज, हवा, जागा लागतेच. या पद्धतीने साफ करताना घाणीच्या बदल्यात वायू मिळतो. आणि त्या वायूतला हायड्रोजन नेमका तेलालाच हवा असतो. एचटीएलचं तेल रिफायनरीला जसंच्या तसं चालत नाही, त्यात नायट्रोजन आणि ऑक्सिजन फार. तो काढायला तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करावी लागते, आणि आज जगभर तो हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूपासून केला जातो. शेवाळाचं तेल काढून ते खनिज वायूने शुद्ध करायचं, आणि शेवाळाच्याच पाण्यातला हायड्रोजन फेकून द्यायचा, हे मला पटत नाही. म्हणून आम्ही मिथेनऐवजी हायड्रोजनच्या मागे लागलो. नुसती उष्णता हवी असेल तर कमी तापमानाचा मिथेन स्वस्त पडतो, हे मी मान्य करते.

सीओडी १,९०० म्हणजे अजून २५० नाही, हेही खरं. पण ते पाणी बाहेर सोडायचंच नाही, टाकीत परत न्यायचं आहे. मार्चमध्ये त्याची चाचणी लावली. तीन चंबूंत स्पिरुलिना, एकात नेहमीचं खाद्य, एकात साफ केलेलं पाणी दोनशेपट पातळ करून, एकात वीसपट. सहाव्या दिवशी पहिले दोन चंबू सारखेच गडद हिरवे होते. तिसरा पिवळा पडला होता, तळाशी मेलेल्या पेशींचा थर. मी पुन्हा डायमिथिलग्लायॉक्झिम काढलं. या वेळी साका धरला नाही, पण पांढऱ्या कागदावर नळी धरली तर फिकट गुलाबी दिसत होती. अमोनियाही जास्त झाला असेल, पण निकेल अजून थोडं झिजतंच आहे, आणि शेवाळाला ते सोसत नाही.

म्हणून आता निकेल सोडून पोटॅशियम कार्बोनेट. ते पाण्यात विरघळून राहतं, म्हणजे परत मिळत नाही, पण पोटॅशियम गेलं तरी टाकीतच जाईल आणि स्पिरुलिनाला ते लागतंच. हायड्रोजन थोडा कमी येतोय, पाणी मात्र गुलाबी होत नाही. भांड्याच्या भिंतीतही निकेल आहे, त्यामुळे आधी नुसत्या पाण्याचे चार रन घेऊन तिचा वाटा किती ते पाहते आहे. आज त्यातला तिसरा होता. भट्टी ५ वाजता बंद केली, आता ३४० वर आली आहे. फळ्यावर “५.३” लिहिलेलं आहे आणि शेजारी काकांची सही.